उन्हाळा छतातून घरात येतो

१४ एप्रिलची मिरवणूक आटोपली की आमच्या घरात दुपारचं कुणी थांबत नाही, अशी अनेक वर्षांची रीत होती. आजी शेजारच्या कडुनिंबाखाली खाट टाकायची. पोरं विहाराच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. स्वयंपाक ज्यांच्याकडे, त्याच तेवढ्या आत राहायच्या. बुद्धपौर्णिमेपर्यंत कसंबसं निभायचं. त्यानंतर लोक ज्याला नवतपा म्हणतात ते दिवस यायचे आणि रात्रीही आत झोपवत नसे. वंदनेसाठी मूर्तीपुढे उभी ठेवलेली मेणबत्ती न पेटवताच मधून वाकायची. आजी म्हणायची, "काहून रे, घरात भट्टी लावली का कोणी?"

भट्टी कुणी लावली नव्हती. ती आमच्या डोक्यावरच होती. यंदा आम्ही ते छत बदललं. जुन्या घराला उष्णता अडवणारी पॅनेल बसवली. त्यात काय जमलं, कुठे चुकलं आणि कुठे थोडक्यात वाचलो, ते या पानावर सांगतो आहोत. आपल्या बहुतेक वस्त्यांत डोक्यावर टिन आहे किंवा सिमेंटचा पत्रा आहे, म्हणून ही एका घराची गोष्ट अनेक घरांच्या कामी येईल.

आमचं घर

आमचं घर उत्तर नागपुरातलं, १२ बाय २० फुटांचं. समोर एक खोली, मागे स्वयंपाकघर. मुलांचे आजोबा, म्हणजे आमचे आबा, एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. पगारातून वीट वीट जमवून त्यांनी ते उभं केलं. भिंती विटांच्या, पण जोडाई मातीतली, वरून सिमेंटचा गिलावा. आधी छताला कवेलू होते. माकडांनी दर वर्षी कवेलू फोडायचे आणि आबांनी दर मृगाआधी ते फेरायचे. शेवटी कंटाळून त्यांनी समोरच्या खोलीवर टिन टाकलं आणि स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे.

त्या दिवशी घर सुधारलं असंच सगळ्यांना वाटलं. गळती थांबली, माकडांचा त्रास संपला. पण कवेलूच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची, ती वाटही बंद झाली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आमची धाकटी मुलगी ११ वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे, एसएस. आम्ही दोघंही एएस, म्हणजे वाहक. लग्नाआधी तपासणी केली नव्हती, म्हणून ते तिच्या आजारातूनच कळलं. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार बराच आहे. या पानाच्या वाचकांना तो नवा नाही.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं की हे जास्त होतं. म्हणूनच दर मे महिन्यात आमच्या पोरीचे हातपाय, पाठ ठणकायची आणि आम्ही तिला घेऊन दवाखान्यात धावायचो. मागच्या वर्षी सलाइन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "घरी वर काय आहे?" आम्ही म्हटलं, "टिन." ते म्हणाले, "मग नुसत्या गोळ्यांनी किती होणार? पोरीला पाणी पाजा, आणि घर थोडं थंड करा."

औषधाच्या चिठ्ठीवर छत लिहून मिळत नाही. पण तो प्रश्न आमच्या डोक्यात बसला.

टिनाखाली शरीराचं काय होतं

आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास राहण्यासाठी धडपडत असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की पंखा अंगावर गरम हवाच आणतो. मग थंडावा मिळतो तो फक्त घाम सुकण्यातून. घामासाठी पाणी लागतं, मीठ लागतं आणि हृदयाला जास्त काम करावं लागतं. ज्यांचं वय झालं आहे, ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, जी बाई गरोदर आहे, जे बाळ आपली तहान सांगू शकत नाही, त्यांना हे जास्तीचं काम झेपत नाही.

टिनाच्या घरात उष्णता दोन वाटांनी येते. एक, तापलेला पत्रा आतली हवा तापवतो. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. उन्हातला पत्रा ६० अंशांच्या वर जातो आणि चुलीतले निखारे जसे दुरून अंग भाजतात, तसा तो वरून आपल्यावर उष्णता फेकत राहतो. म्हणून दार-खिडकी उघडी असली तरी टिनाखाली डोकं तापतं.

आणखी एक गोष्ट. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा हवा असतो. रात्रही गरम गेली तर दुसऱ्या दिवशीचं ऊन थकलेल्या शरीरावर पडतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्या धक्क्यातून त्या शहरानं २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याची योजना आखली आणि पुढे वस्त्यांतली छतं पांढरी रंगवण्याचं कामही हाती घेतलं. तेलंगणा सरकारनं तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. म्हणजे छत हा आरोग्याचा विषय आहे, हे आता सरकारदरबारीही मान्य झालं आहे.

स्लॅब, एसी की पॅनेल

भिशीचे पैसे आले आणि बचत गटातून थोडं कर्ज मिळालं. आता त्यातून काय करायचं?

आजीचं मत स्लॅबचं. वस्तीत ज्याच्या घरावर स्लॅब पडला त्याचं भलं झालं, असं आपण समजतो. पण मिस्त्रीनं भिंत ठोकून पाहिली आणि मान हलवली. चार इंची स्लॅबचं वजन दर चौरस फुटाला २३ किलोच्या आसपास असतं. आमच्या २४० चौरस फुटांवर ते साडेपाच टन झालं असतं. मातीच्या जोडाईची भिंत ते पेलत नाही. आधी पाया खणून कॉलम उभे करावे लागले असते, म्हणजे घरच नवं बांधावं लागलं असतं. शिवाय उघडा स्लॅबही दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे माहीत आहे. स्लॅबवर पांढरा थर किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी टाकली तरच तो निवतो.

मोठ्या मुलाचं मत एसीचं, हप्त्यावर. पण टिनाखाली एसी म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. बिल कोण भरणार? आणि सिकलसेलच्या पोरीला एकदम गार झोतही सोसत नाही. त्यानंही दुखणं उठतं.

तेव्हा पॅनेलचा विषय निघाला. हे पॅनेल शीतगृहांना, कारखान्यांच्या शेडना लावतात. त्याला सँडविच पॅनेल म्हणतात. वर-खाली रंगवलेले दोन पातळ पत्रे आणि मध्ये उष्णता अडवणारा थर. त्या थरात असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्यात हवा किंवा वायू कोंडलेला असतो. कोंडलेल्या हवेतून उष्णता सहज पार होत नाही. गोधडी थंडीत ऊब देते ती याच कारणानं.

५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच जाडीचा पफचा थर उष्णता अडवण्यात सुमारे चार फूट जाड वीटकामाच्या बरोबरीचा असतो. आणि वजन? दर चौरस फुटाला एक किलोच्या आसपास. आमच्या सगळ्या छताचं मिळून अडीचशे-तीनशे किलो. आबांच्या भिंती एवढं सहज पेलणार होत्या. जुन्या घरासाठी पॅनेलचा खरा फायदा हाच आहे.

आत काय भरलं आहे?

दुकानदारानं वहीतून तीन प्रकार दाखवले आणि सगळ्यात स्वस्त घ्या म्हणाला. रंग तिन्हींचे सारखे, चकाकी सारखी. फरक होता तो पोटात.

पहिला प्रकार थर्माकोलचा. तो स्वस्त, पण आचेनं वितळतो, टपकतो आणि पेटतो. दुसरा पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा. उष्णता अडवण्यात तो सगळ्यात सरस, पण पेटला तर झपाट्यानं पेटतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. आगीत माणूस बहुतेक वेळा भाजून मरण्याआधी अशा धुरानं मरतो. तिसरा प्रकार रॉकवूलचा. दगड वितळवून काढलेले तंतू, म्हणजे दगडी लोकर. ती जळत नाही. पफपेक्षा उष्णता थोडी कमी अडवते, तरी दोन इंचांचा थर अडीच फूट वीटकामाला भारी पडतो. ती महाग असते, आणि ओली झाली की निकामी होते, म्हणून सांधे पक्के लागतात.

आमचा धाकटा भाऊ वेल्डिंगचं काम करतो. तो म्हणाला, "दादा, आपल्या घराला दार एकच. गॅस दहा पावलांवर. आजीला उठायला पाच मिनिटं लागतात. वर काय पेटेल याचा आधी विचार करा."

जुन्या इमारतीला नवं आवरण चढवताना हा विचार झाला नाही तर काय होतं, हे जगानं लंडनमध्ये पाहिलं आहे. तिथे ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत १९७४ मध्ये बांधून झाली. कष्टकरी, स्थलांतरित कुटुंबं सरकारी भाडेकरू म्हणून तिथे राहत. घरं उबदार राहावीत आणि इमारत बरी दिसावी म्हणून २०१६ पर्यंत तिच्या बाहेरून उष्णतारोधक फोम आणि त्यावर ॲल्युमिनियमची पॅनेल बसवली. पॅनेलच्या पोटात पॉलिथिन होतं, म्हणजे पेटणारं प्लास्टिक. पैसे वाचवण्यासाठी आधी ठरलेला जस्ताचा प्रकार बदलून हा स्वस्तातला घेतला होता. १४ जून २०१७ च्या पहाटे चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजमधून आग निघाली आणि बाहेरच्या आवरणावरून बघता बघता वरपर्यंत चढली. ७२ माणसं गेली. रहिवाशांनी आगीच्या धोक्याची तक्रार आधीच केली होती. ती कुणी मनावर घेतली नव्हती.

आमचं घर २४ मजली नाही. पण गरिबाच्या घराला काहीही चालतं, हा हिशेब तिथेही होता आणि इथेही आहे. आम्ही रॉकवूल घेतलं. त्यासाठी फरशीचं काम पुढच्या वर्षावर टाकलं. पफच घ्यायचं असेल तर निदान आग रोखणाऱ्या दर्जाचा घ्या, त्याचं प्रमाणपत्र लेखी मागा आणि चुलीच्या किंवा गॅसच्या वर तो ठेवू नका.

सिमेंटच्या पत्र्याचा धडा

आता आमची चूक सांगतो. स्वयंपाकघरावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे होते. मजूर वर चढला आणि हातोडीनं पत्रा फोडू लागला. "तुकडे केले की पटकन निघतो," म्हणाला. पहिला तुकडा खाली पडला, धूळ उडाली. आजी शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. भावानं ओरडून काम थांबवलं.

पन्हाळीच्या राखाडी सिमेंट पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. नुसतं पाहून ते कळत नाही, म्हणून जुना पत्रा असला तर ते आहेत असंच धरावं. पत्रा अखंड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. फोडला, कापला, भोक पाडलं, तारेच्या ब्रशनं घासला की ते हवेत सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, खोकला लागत नाही, लगेच काही होत नाही. पण फुप्फुसात रुतून बसतात आणि २०, ३०, ४० वर्षांनी फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. ॲस्बेस्टॉसनं माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं निःसंशय ठरवलेलं आहे. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. तरीही हे पत्रे आजही दुकानात मिळतात आणि आपल्याच वस्तीतली पोरं ते कापतात.

आधी धुराड्यासाठी त्याच पत्र्याला आम्ही स्वतः भोक पाडलं होतं आणि धूळ झाडूनं लोटली होती. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मग काम असं केलं. मुलांना आणि आजीला दिवसभर दुसऱ्या घरी पाठवलं. भांडी, धान्य झाकलं. पत्र्यांवर पाणी शिंपडून ते ओले ठेवले. नटबोल्ट सोडवून अख्खे पत्रे दोघांनी धरून खाली उतरवले, टाकले नाहीत. काम करणाऱ्यांना धूळ गाळणारे घट्ट बसणारे मास्क दिले. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही. पडलेले तुकडे ओल्या फडक्यानं उचलले, झाडू लावला नाही. पत्रे आणि फडकी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधली आणि कुठे द्यायची ते महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारून मगच हलवली. कपडे वेगळे धुतले. हे पत्रे नाल्याकाठी फेकू नका. त्यांच्यावर पोरं खेळतात.

ज्यांचा सिमेंट पत्रा धड आहे, त्यांनी तो काढायची घाई करू नये. त्याला भोक न पाडता, भिंतींवर आधार घेऊन खाली वेगळं छत टांगता येतं.

बसवताना आणि नंतर

वेल्डिंगची ठिणगी आणि पॅनेल एका जागी येऊ देऊ नका. पफ किंवा थर्माकोल असेल तर एवढ्यानंही आग लागते. आमच्या भावानं आधी चौकोनी पाइपांचा सांगाडा वेल्डिंग करून, रंगवून पूर्ण केला. पॅनेलची गाडी त्यानंतर बोलावली. पॅनेल नुसत्या स्क्रूनं बसली.

हलकं छत वादळात उडतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये जो वारा सुटतो, त्यात टिनं कशी उडतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. छतावर दगड ठेवून भागत नाही. दगड उडाला तर शेजाऱ्याच्या डोक्यात बसेल. सांगाडा भिंतीत खोल बोल्ट घालून पक्का केला. प्रत्येक स्क्रूला रबरी वॉशर लावला, नाहीतर पावसाचं पाणी लोकरीत मुरेल.

वायर पॅनेलच्या पोटातून नेल्या नाहीत, पाइपातून भिंतीवरून नेल्या. मीटरजवळ शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. लोखंडी छताला उघडी वायर टेकून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो.

सगळं झालं आणि पहिल्याच आठवड्यात नवीन तक्रार आली. सिलिंडर संपला होता म्हणून घरच्यांनी मागे चूल पेटवली. थोड्या वेळात सगळ्यांचं डोकं दुखू लागलं, पोरगी मळमळतं म्हणाली. पूर्वी भिंत आणि टिन यांच्यामध्ये वीतभर फट होती, ती नव्या छतानं बंद झाली होती. उष्णता अडली, पण धूरही अडला. बंद घरात चूल, शेगडी, कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. झोपेत माणूस जातो. आम्ही लगेच समोरासमोरच्या भिंतींत छताजवळ झरोके पाडले, जाळी लावली आणि चूल बाहेर नेली. छत बंद करणाऱ्यानं हवेची वाट आधी ठरवावी, हे आम्ही उशिरा शिकलो.

पॅनेलचं घर वापरण्याची रीतही वेगळी आहे. दिवसा उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद, पडदा ओढलेला. संध्याकाळी बाहेरची हवा उतरली की दारं-खिडक्या सताड उघडायच्या. कारण पॅनेल उष्णता आत येऊ देत नाही, तशी बाहेरही जाऊ देत नाही. माणसांची, चुलीची, दिव्यांची उष्णता रात्री बाहेर काढावी लागते. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोली दमट होते आणि घाम सुकत नाही.

एवढे पैसे नसतील तर

भाड्यानं राहणाऱ्यांना, पट्टा न मिळालेल्यांना एवढा खर्च करवत नाही, हे आम्हाला कळतं. पॅनेल स्क्रूचं असल्यामुळे सोडवून दुसरीकडे नेता येतं, एवढा एक दिलासा. पण त्याआधीच्या पायऱ्याही आहेत.

सगळ्यात स्वस्त पायरी पांढऱ्या छताची. टिनावर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर आतली हवा दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. साधा चुना टिनावर टिकत नाही, पावसात धुऊन जातो. स्लॅबवर मात्र तो चालतो. रंगावर धूळ साचली की गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात दोनदा छत धुवा. चढताना टिनावर मधोमध पाय देऊ नका, खाली पाइप किंवा बल्ली असेल तिथेच द्या.

दुसरी पायरी, टिनाखाली चार-सहा इंच जागा सोडून आतलं छत. मधली हवा दोन्ही टोकांनी बाहेर जायला हवी. यासाठी सिमेंट बोर्ड बरा. प्लास्टिकच्या शीट किंवा जुन्या साड्या स्वयंपाकघरात नकोत, पेट घेतात. पश्चिमेच्या भिंतीवर हिरवी जाळी, वेल किंवा नुसता चुना, यानंही संध्याकाळ सुसह्य होते.

आणि विहाराचं छत? दुपारी वस्तीतली म्हातारी माणसं आणि लेकरं तिथेच जमतात. वर्गणीतून पहिलं छत विहाराचं पांढरं केलं, पाण्याचा माठ आणि ओआरएसची पाकिटं ठेवली, तर ज्यांच्या घराचं छत बदलणं होणार नाही त्यांनाही दुपारची जागा मिळेल. पॅनेल घ्यायचीच असतील तर चार-पाच घरांनी मिळून मागवा. गाडीभाडं वाटलं जातं आणि दुकानदारही नीट उत्तरं देतो.

दुकानदाराला आणि मिस्त्रीला हे विचारा

१. पॅनेलच्या पोटात काय आहे? बिलावर लिहून द्या.
२. आगीच्या चाचणीचं प्रमाणपत्र दाखवा.
३. थराची जाडी किती? वरच्या-खालच्या पत्र्याची किती?
४. माझी भिंत हे पेलेल का? सांगाडा भिंतीला कसा धरणार?
५. हवा कुठून आत येणार, कुठून बाहेर जाणार?
६. जुना पत्रा सिमेंटचा असेल तर तो न फोडता कसा काढणार?

उत्तर मिळालं नाही तर आगाऊ पैसे देऊ नका.

छत कसंही असो, उन्हाळ्यात एवढं लक्षात ठेवा. एखाद्याचं अंग तापलं, तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. शुद्धीवरच्या थकलेल्या माणसाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. चमचा चहाचा. इन्सुलिन घेणाऱ्यांकडे फ्रिज नसेल तर ते ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात ठेवा, टिनाखालच्या फळीवर नको.

यंदाच्या मे महिन्यात आमच्या पोरीला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. हे केवळ छतामुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही. ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेते, शाळेतही पाण्याची बाटली जवळ ठेवते, आणि पुढचं वर्ष कसं जाईल हे कुणी सांगावं? पण ती दुपारी घरात झोपली. आजीनं कडुनिंबाखालची खाट आत आणली. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी मेणबत्त्या लावायला गेलो, तेव्हा सकाळी उभी करून ठेवलेली मेणबत्ती सरळ उभी होती. आजीनं ती हातात घेऊन पाहिली, पुन्हा जागेवर ठेवली आणि म्हणाली, "आता फरशीचं पाहा."